नर-मादीचा निवाडा

पावसाळा सरत आला म्हणजे रुईच्या झुडपावर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक जाडजूड नाकतोडा बसलेला दिसतो. ज्या चिकाच्या वासाने गुरे तोंड फिरवतात तो रुईचा चीक ह्याला खुशाल पचतो. आणि त्या विषाच्या भरवशावर तो इतका निर्धास्त असतो, की हात पुढे केला तरी उडून जाण्याची तसदी घेत नाही. आमच्या महाविद्यालयामागच्या माळावर हे नाकतोडे हवे तितके मिळत, आणि प्रयोगशाळेचा शिपाई सकाळीच एका बरणीत दहा-वीस नर गोळा करून ठेवी. नराच्या पोटातले पिवळसर वृषण सुईने सोडवायचे, त्यातली एखादी नळी काचपट्टीवर लालभडक अ‍ॅसिटोकार्मिनच्या थेंबात ठेवायची, वर पातळ काच टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर क्षणभर ऊबवायची, टीपकागदाखाली अंगठ्याने बेताने दाबायची आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे, असा तो विधी होता. दाब कमी पडला तर सगळे एकमेकांवर चढून बसे. जास्त झाला तर काच तडकून सकाळ वाया जाई.

त्या दिवशी मला दाब साधला होता. शुक्राणू तयार होण्याच्या बेतात असलेल्या एका पेशीत गुणसूत्रे जोडीजोडीने उभी राहिलेली स्पष्ट दिसत होती, आणि मी ती मोजली. नऊ जोड्या भरल्या, आणि बाजूला एक सूत्र एकटेच उरले. पुन्हा मोजली, पुन्हा तेच. दुसरी पेशी शोधली. तेथेही नऊ जोड्या आणि एक सडाफटिंग. गुणसूत्रे जोडीने असतात असे पाठ्यपुस्तकात पहिल्याच पानावर छापलेले असल्यामुळे, माझ्याच अंगठ्याने कोठेतरी घात केला असावा असे धरून मी वहीत 'वीस' हा आकडा मांडला आणि रीतीप्रमाणे वही तपासायला नेली. प्राध्यापकमहाशय काही न बोलता माझ्या जागेवर आले, बराच वेळ नळीत पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "अहो, डोळ्यांनी एकोणीस पाहिलेत आणि हाताने वीस लिहिलेत, हा कुठला न्याय? मादी आणा, तिच्यात वीस सापडतील. ह्याच्यात एक कमी आहे, म्हणून तर हा नर आहे!"

त्यांच्या त्या 'म्हणून'ने मी त्या वेळी निरुत्तर झालो. परंतु त्या एका शब्दात किती मजकूर दडलेला आहे, आणि तो शब्द किती प्राणिमात्रांच्या बाबतीत जसाच्या तसा वापरता येणार नाही, हे उमगायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली. प्रस्तुत प्रकरण त्या 'म्हणून'चेच आहे.

गर्भ मुलाचा की मुलीचा हे कशाने ठरते, ह्याविषयी माणसाने जितके तर्क लढवले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयावर लढवले असतील. आपल्या आयुर्वेदाने शुक्राचे बाहुल्य झाल्यास पुत्र आणि आर्तवाचे झाल्यास कन्या असा हिशेब मांडला. ग्रीकांच्या अ‍ॅरिस्टॉटलने उष्णतेच्या कमी-अधिक प्रमाणावर भार ठेवला. आणि गर्भाचे लिंग अद्याप पक्के झालेले नाही अशा समजुतीने आपल्याकडे आरंभीच्या महिन्यांत पुंसवनाचा संस्कार होऊ लागला. ह्या तर्कांची थट्टा करणे सोपे आहे, पण त्यांत एक गोष्ट समान आहे, आणि ती विचारात घेण्याजोगी आहे: नर आणि मादी ह्या दोन्ही शक्यता प्रत्येक गर्भात असतात आणि बाहेरून येणारे काहीतरी त्यांच्यात निवाडा करते, असे ह्या सर्वांनी गृहीत धरले होते. ह्यातला पूर्वार्ध अगदी खरा ठरला. उत्तरार्धाला शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोठ्या दिमाखाने रजा दिली. आणि पुढे त्याच उत्तरार्धाला काही प्राण्यांपुरते सन्मानाने परत बोलवावे लागले. पण ती हकिकत शेवटी येईल.

१८९१ साली हेरमान हेंकिंग ह्या जर्मन शास्त्रज्ञाला एका लाल ढेकणाच्या जातीतील किड्याचे वृषण तपासताना नेमके तेच दिसले, जे मला नाकतोड्यात दिसले होते: विभाजनाच्या वेळी एक गडद रंगलेला कण जोडीदारावाचून राही, आणि निम्म्याच शुक्राणूंच्या वाट्याला येई. ते गुणसूत्र आहे की आणखी काही ह्याचा त्याला निर्णय करता येईना, तेव्हा त्याने त्याला 'एक्स' हे अक्षर देऊन टाकले. आपल्या मराठी शाळांतून बीजगणितातील एक्सला 'क्ष' म्हणण्याची वहिवाट असल्याने मी ह्या सूत्राला क्ष आणि त्याच्या पुढे सापडलेल्या जोडीदाराला, ज्याला शास्त्रात 'वाय' म्हणतात, य असेच म्हणणार आहे. दहा वर्षांनी अमेरिकेतील क्लॅरन्स मॅक्लंग ह्याने, हे जादा सूत्रच लिंगनिश्चय करीत असले पाहिजे, असा निर्भीड तर्क केला. तर्क बरोबर होता, परंतु मादी टोळाच्या गुणसूत्रांची मोजणी चुकल्यामुळे त्याने निकाल उलटा दिला. जादा सूत्र मिळाले की नर होतो, असे त्याचे म्हणणे पडले. मोजणीच्या बाबतीत अंगठ्याला दोष देणारा मी एकटाच नव्हतो, हे वाचून मला पुढे फार बरे वाटले.

हा गुंता सोडवला तो नेटी स्टीव्हन्स ह्या बाईंनी. त्यांचा जन्म १८६१ चा; आयुष्याची ऐन वर्षे शाळेत शिकवण्यात गेली, आणि पस्तिशीच्या सुमारास, जेव्हा इतरांचे संशोधन स्थिरावलेले असते तेव्हा, त्या पदवीसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. पुढे ब्रिन मॉर महाविद्यालयात त्यांनी पिठात वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी तपासल्या. ह्या किड्यात नर-मादीची संख्या सारखीच, वीस. त्यामुळे केवळ मोजणाऱ्याच्या हाती येथे काहीच लागले नसते. बाईंनी मोजले नाही, निरखले. मादीची वीसच्या वीस सूत्रे मोठी होती. नराची एकोणीस मोठी, आणि विसावे मात्र एक इवलेसे खुरटलेले. हे खुरटे सूत्र ज्या शुक्राणूत जाते त्यापासून नर, आणि त्याचा मोठा जोडीदार ज्याच्या वाट्याला येतो त्या शुक्राणूपासून मादी, हा निष्कर्ष त्यांनी १९०५ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातील एडमंड विल्सन हाही स्वतंत्रपणे ह्याच निष्कर्षावर येऊन ठेपला, आणि विल्सनचे नाव मोठे असल्याने बरीच वर्षे पुस्तकांतून श्रेय त्याच्याच खाती जमा होत राहिले. स्टीव्हन्सबाईंसाठी ब्रिन मॉरने अखेर संशोधनाचे खास अध्यासन निर्माण केले. परंतु त्यावर रुजू होण्यापूर्वीच, १९१२ साली, कर्करोगाने त्यांचा अंत झाला.

माणसाचा हिशेबही ह्याच जातीचा निघाला, पण तो जुळायला वेळ लागला. माझ्या विद्यार्थिदशेत हाती पडलेल्या जुन्या पुस्तकांत मनुष्याची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस अशी बेधडक छापलेली असत. हा आकडा १९२३ पासून चालत आला होता, आणि पुढे तपासणारे शास्त्रज्ञही, माझ्यासारखेच, डोळ्यांना दिसलेले सोडून छापलेले लिहीत होते. जावा बेटावर जन्मलेला जो हिन त्यो आणि त्याचा स्वीडिश सहकारी अल्बर्ट लेव्हान ह्यांनी १९५६ साली छेचाळीस हा खरा आकडा जाहीर केला. त्यांपैकी बावीस जोड्या स्त्री-पुरुषांत समान. तेविसावी जोडी स्त्रीत क्ष-क्ष, पुरुषात क्ष-य. आईच्या प्रत्येक अंड्यात क्षच असणार. निवाडा करणारे सूत्र यायचे ते पित्याकडूनच. लागोपाठ मुली झाल्या म्हणून सुनेचा छळ करणाऱ्या आणि मुलाचे दुसरे लग्न लावून देऊ पाहणाऱ्या घरांचा आरोप किती भलत्या पक्षावर दाखल झालेला होता, हे ह्यावरून दिसते. अर्थात पित्यालाही त्यात दोष देता येत नाही. दोन्ही प्रकारचे शुक्राणू त्याच्या ठायी जवळजवळ समप्रमाणात निर्माण होतात, आणि त्यांतला कोणता पुढे पोहोचतो ह्यावर त्याची काही सत्ता नसते.

येथवरची कथा सरळ आहे. परंतु नराजवळ क्ष-य आणि मादीजवळ क्ष-क्ष असे असले, तरी निवाडा नेमका कोण करतो? य असल्यामुळे नर होतो, की क्ष एकच असल्यामुळे? नेहमीच्या नर-मादीकडे कितीही पाहिले तरी ह्याचा उलगडा होत नाही, कारण त्यांच्यात ह्या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. उलगडा होतो तो हिशेब चुकलेल्या व्यक्तींकडून. पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारी जी चिलटे शास्त्रात फळमाशी म्हणून ओळखली जातात, त्यांच्यात कॅल्व्हिन ब्रिजेस ह्या तरुण संशोधकाला अशा काही माश्या आढळल्या, की ज्यांच्यात दोन क्ष आणि वर एक य होते. त्या माद्याच होत्या. उलट, ज्यांना एकच क्ष होते आणि य मुळीच नव्हते ते नर होते. निर्बीज, पण नर. 'जेनेटिक्स' नावाच्या नियतकालिकाच्या १९१६ सालच्या अगदी पहिल्या अंकात हा पुरावा प्रसिद्ध झाला. सारांश, माशीच्या घरी य सूत्राला निवाड्यात मतच नाही. क्ष किती ते मोजून फैसला होतो, आणि य केवळ नराच्या शुक्राणूंची तजवीज पाहतो.

माशीवरून माणसाचे अनुमान करण्याचा मोह शास्त्रज्ञांना चाळीस वर्षे आवरला नाही. मग १९५९ साली एकापाठोपाठ दोन निवेदने आली: एडिंबरोहून, की दोन क्ष आणि एक य घेऊन जन्मलेली व्यक्ती पुरुष असते, आणि इंग्लंडमधून, की एकच क्ष असलेली व्यक्ती स्त्री असते. माशीच्या नेमके उलट! दोन्ही घरांच्या दारांवर क्ष-य अशीच पाटी होती. कारभार मात्र एका घरी क्षच्या हाती, दुसऱ्या घरी यच्या हाती. सारख्या पाटीवरून सारख्या कारभाराचा तर्क करू नये, हे ज्याला संस्थानांच्या जुन्या दफ्तरांचा थोडाबहुत परिचय आहे त्याला वेगळे सांगायला नको.

माणसाच्या य सूत्राजवळचा हा अधिकार तरी केवढा असावा? क्ष सूत्रावर सुमारे साडेपंधरा कोटी अक्षरांचा मजकूर आणि आठ-नऊशे प्रथिनांची जनुके आहेत. यवर सहा कोटींच्या आसपास अक्षरे, आणि प्रथिनांची जनुके शंभराच्या आसपास, त्यांतही पुष्कळशा एकमेकांच्या नकला. कोट्यवधी वर्षांपूर्वी ही दोन्ही सूत्रे बरोबरीची होती. परंतु एकदा नरत्वाचा शिक्का यजवळ आल्यावर त्याने जोडीदाराशी देवाणघेवाण बंद केली, आणि जो कोणाशी देवघेव करीत नाही त्याच्या चुका दुरुस्त होत नाहीत, म्हणून हे वतन हळूहळू ओसाड पडत गेले. शिक्का तेवढा शाबूत राहिला. तो नेमका कोणता, हे लंडनच्या संशोधकांनी १९९० साली हुडकले. काही पुरुष क्ष-क्ष असूनही पुरुष होते; त्यांच्या एका क्षला यचा अगदी छोटा तुकडा चुकून चिकटलेला होता, आणि त्या तुकड्याची छाननी करता करता एसआरवाय हे एकच जनुक हाती लागले. त्याचे प्रथिन अवघ्या २०४ घटकांचे. पुढच्याच वर्षी ते जनुक क्ष-क्ष उंदराच्या गर्भात सोडले, तेव्हा त्यातून वृषणे असलेला नर जन्मला.

मनुष्याच्या गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत जननग्रंथी कोरी असते. तिचे वृषणही होऊ शकते, अंडाशयही. पुंसवन करणाऱ्यांचा अंदाज ह्या मर्यादेत चुकलेला नव्हता, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. त्या आठवड्यात एसआरवायचा हुकूम सुटतो; तो दुसऱ्या सूत्रावरील एका जनुकाला जागे करतो, ते तिसऱ्याला, आणि मग वृषण तयार होऊन पुढचा कारभार संप्रेरकांच्या हाती जातो. हुकूम बजावणारे बहुतेक अंमलदार य सूत्रावर राहत नाहीत. ते इतर सूत्रांवर, स्त्रियांतही आणि पुरुषांतही, सारखेच विखुरलेले असतात. म्हणूनच हुकूम सुटूनही तो वाटेत अडकू शकतो. काही व्यक्तींची सूत्रे क्ष-य असतात, शरीरात वृषणेही असतात, पण पेशींना पुरुषी संप्रेरकाची भाषाच कळत नाही. त्या स्त्रीदेहाने जन्मतात, स्त्री म्हणून वाढतात, आणि ऋतुप्राप्ती का होत नाही हे पाहण्यासाठी वैद्याकडे जातात तेव्हा प्रथम हे उघड होते.

येथे तिरंगी मांजरीचा दाखला दिल्यावाचून पुढे जाववत नाही. काळ्या, तांबूस आणि पांढऱ्या ठिपक्यांची मांजर पाहिली, तर ती शेपूट उचलून न पाहताही मादी म्हणावी, क्वचितच चुकेल. काळा की तांबडा हे ठरवणारे जनुक क्षवर असते, आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक क्ष गर्भावस्थेतच कुलूप लावून बंद केलेले असते. कोणते बंद व्हावे ह्याला नियम नाही. एका पेशीत आईकडचे, शेजारच्या पेशीत बापाकडचे. म्हणून अंगावर ठिपके उमटतात. मेरी लायन ह्या इंग्रज शास्त्रज्ञेने हा सिद्धांत १९६१ साली उंदरांवरून मांडला. ते कुलूपबंद क्ष पेशीकेंद्राच्या कडेला एका गडद ठिपक्यासारखे दिसते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून पुढे तीन दशके स्त्री-खेळाडूंच्या गालाच्या आतून पेशी खरवडून हा ठिपका शोधण्याची, पुढेपुढे य सूत्राच्या खुणा शोधण्याची पद्धत होती. आणि वर सांगितलेल्या प्रकारच्या, आयुष्यभर स्त्री म्हणून वावरलेल्या खेळाडू त्या परीक्षेत अपात्र ठरत. पाटी वाचून घराचा कारभार ठरवण्याचा हा आणखी एक मासला.

आता कोंबडीकडे वळू. पक्ष्यांच्या घरी पाटीच उलटी आहे. तेथे दोन सारखी सूत्रे नराजवळ असतात आणि मादीजवळ एक मोठे, एक खुरटे. घोटाळा टाळण्यासाठी शास्त्रज्ञांनी ह्यांना वेगळी अक्षरे दिली, झेड आणि डब्ल्यू. नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. म्हणजे कोंबडीच्या वंशात पिल्लू नर होणार की मादी, ते आईच्याच अंड्यात ठरते, आणि आई आपले एकुलते एक झेड केवळ मुलांना देते, मुलींना कधीच नाही. कुक्कुटपालनाचा धंदा करणाऱ्यांनी ह्याचा चतुराईने उपयोग करून घेतला. प्लिमथ रॉक जातीच्या पट्टेदार कोंबडीचा संकर तांबड्या ऱ्होड आयलंड कोंबड्याशी केला, म्हणजे पट्ट्यांचे जनुक आईच्या झेडवर असल्यामुळे ते फक्त नर पिल्लांना पोहोचते, आणि अंड्यातून बाहेर पडताच त्यांच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. अंड्यांसाठी पाळायच्या तलंगा त्यावरून पहिल्याच दिवशी वेगळ्या काढता येतात. एरवी हे काम करायला पिल्लाचे गुदद्वार दाबून पाहणारे निष्णात लोक लागतात.

कोंबड्यात यसारखा शिक्का मुळीच सापडत नाही. झेडवरील डीएमआरटी-१ नावाच्या जनुकाची दुप्पट मात्रा मिळाली की वृषण, एकेरी मिळाली की अंडाशय, असा तेथे मापाचा हिशेब आहे. हेच जनुक आपल्यातही आहे, नवव्या सूत्रावर. तेथे त्याला निवाड्याचा अधिकार नाही, पण वृषणाचे काम चालू ठेवण्यात त्याचा हात असतोच. ऑस्ट्रेलियातील अंडी घालणाऱ्या प्लॅटिपस ह्या सस्तन प्राण्याच्या नराला तर एक नव्हे, पाच क्ष आणि पाच य आहेत. विभाजनाच्या वेळी ती दहाच्या दहा सूत्रे साखळीत उभी राहतात, आणि त्या साखळीतील एका क्षवर कोंबडीचे हेच डीएमआरटी-१ बसलेले असते. एका दरबारात मुखत्यार असलेला गृहस्थ दुसऱ्या दरबारात कारकून म्हणून भेटावा, तसे हे आहे.

पाखरांप्रमाणेच फुलपाखरे आणि पतंग ह्यांच्याही माद्या झेड-डब्ल्यू असतात, आणि तुतीवरचा रेशीमकिडा हा त्यांतला सर्वांत अभ्यासलेला. नर किडा पाला कमी खातो आणि रेशीम त्या मानाने अधिक देतो, म्हणून अंड्यावस्थेतच नर ओळखता यावा ह्या खटपटीत जपानी संशोधकांनी अंड्याच्या रंगाचे जनुक डब्ल्यू सूत्राला जोडून दिले, की मादीची अंडी गडद आणि नराची फिकी. परंतु पतंगाचा डब्ल्यू आणि कोंबडीचा डब्ल्यू ह्यांचे नाते फक्त अक्षरापुरते आहे. दोघांचा वंश निराळा आणि अंमलाची रीतही निराळी.

मधमाश्यांनी तर पाटीच काढून टाकली आहे. साइलेशियातील योहान झिएर्झोन ह्या पाद्र्याने १८४५ साली असे प्रतिपादन केले, की पोळ्यातील नर हे फलन न झालेल्या अंड्यांपासून जन्मतात, आणि समकालीनांनी त्याला वेड्यात काढले. तो बरोबर होता. राणीमाशीच्या पोटात शुक्राणूंची एक पिशवी असते. कामकरी माशीच्या अरुंद घरात अंडे घालताना ती तिचे तोंड उघडते, नराच्या रुंद घरात घालताना मिटून घेते. मिटून घातलेल्या अंड्यातून सोळा गुणसूत्रांचा नर निघतो. उघडून घातलेल्यातून बत्तीस सूत्रांची मादी. ह्यामुळे नात्यांचा विलक्षण घोळ होतो: नराला बाप नसतो, पण आजोबा असतो, त्याला मुलगे होत नाहीत, पण नातू होतात. परंतु खरा निवाडा सोळा की बत्तीस ह्यावर नाही, तो एकाच जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या की सारख्या ह्यावर आहे. ह्या जनुकाचे अनेक पाठभेद असतात. दोन भिन्न पाठ एकत्र आले तर मादी. राणीचे मीलन तिच्याच रक्ताच्या नराशी झाले आणि दोन सारखे पाठ जुळले, तर बत्तीस सूत्रे असूनही नर जन्मतो, आणि असली अळी अंड्यातून बाहेर पडताच कामकरी माश्या तिला खाऊन टाकतात. मधपाळाला पेटीतली चौकट उचलल्यावर पिलाव्याची घरे मध्येमध्ये रिकामी, चाळणीसारखी दिसली, तर त्याचे एक कारण हे असते.

आपल्या सातेरी मधमाशीच्या गुणसूत्रांचा अभ्यास १९५९ साली देवडीकर, ठकार आणि शहा ह्यांनी प्रसिद्ध केला, आणि ह्या देवडीकरांचेच नाव त्याआधी एकोणीस वर्षे वेगळ्याच एका जागी आढळते. १९४० साली पुण्याचे एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर ह्यांनी 'करंट सायन्स' मध्ये तोंडलीच्या लिंगसूत्रांवर एक टिपण छापले. तोंडली! आपण जिची काचऱ्यांची भाजी करतो, आणि लग्नकार्यात जिचा मसालेभात होतो, त्या वेलीत नर आणि मादी निराळे असतात, चोवीस गुणसूत्रे असतात, आणि नर वेलीत एक य सूत्र असते. ते माणसाच्या यसारखे खुरटलेले नाही, उलट सगळ्यांत मोठे आहे.

ह्या टिपणाची मला आठवण झाली ती अंगणातल्या एका वेलीमुळे. एका रोपवाटिकेतून मोठ्या हौसेने आणलेली ती वेल मांडवावर चढली, पाच पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांनी लगडली, आणि दोन वर्षांत तिने एकही तोंडले दिले नाही. खतपाणी, उन्हाची दिशा, शेजारच्या लिंबाची सावली अशा सर्वांवर आम्ही आळ घेतला. शेवटी फुले हातात घेऊन पाहिली. मादीच्या फुलाखाली, पाकळ्या उमलण्याच्या आधीपासूनच, करंगळीच्या नखाएवढे हिरवे तोंडले असते. आमच्या फुलांखाली नुसता बारीक देठ होता. वेल नर होता. तोंडलीची लागवड करणारे बी का लावत नाहीत, फळ देणाऱ्या वेलाच्या कांड्याच का लावतात, ह्याचा उलगडा तेव्हा झाला. बियांतून निम्मे वेल असेच फुले दाखवणारे निघतात. पपईवाल्यांची अडचण ह्याच जातीची आहे. एकेका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून, फुले आल्यावर लांब लोंबत्या दांड्यांचे नर ओळखून ते उपटून टाकायचे, हा त्यावरचा जुना तोडगा. पण पपईत नर आणि मादी ह्यांच्याखेरीज उभयलिंगी झाडही असते आणि त्याचे य सूत्र नराच्या यहून किंचित वेगळे असते.

सह्याद्रीच्या जंगलात संध्याकाळी कुत्र्यासारखे भुंकणारे जे भेकर, त्याच्या पेशींतले दफ्तर तर इतके आटोपशीर आहे, की १९७० साली ते प्रथम मोजणाऱ्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नसेल. मादीत सहा गुणसूत्रे, नरात सात. सस्तन प्राण्यांत ह्याहून कमी संख्या ठाऊक नाही. ह्याच्या क्ष सूत्राला दुसरे एक साधे सूत्र कायमचे जोडले गेले आहे. नरात त्या साध्या सूत्राचा जोडीदार सुटाच राहिला, म्हणून त्याची संख्या एकाने वाढली. रुईवरच्या नाकतोड्यात नराजवळ एक कमी, भेकरात नराजवळ एक जास्त. आणि जपानच्या अमामी बेटावर काटेरी केसांचा एक उंदीर आहे. त्याचे य सूत्र आणि एसआरवायचा हुकूम ही दोन्ही पार नाहीशी झाली आहेत. नर मात्र जन्मतच आहेत, कारण हुकूम मिळाल्यावर जे जनुक जागे व्हायचे, ते आता दुसऱ्याच एका इशाऱ्यावर जागे होऊ लागले आहे.

आणि काही प्राण्यांना असला कोणताच शिक्का लागत नाही. १९६६ साली मादलेन शार्निए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञेने पश्चिम आफ्रिकेतील एका सरड्याबद्दल लिहिले, की अंडी कोणत्या तापमानात उबवली ह्यावर पिल्लाचे लिंग ठरते. त्या टिपणाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. गुणसूत्रांच्या विजयाचा तो काळ होता, आणि अ‍ॅरिस्टॉटलची उष्णता परत आणणारा मनुष्य कोणाला नको होता. पुढे सुसरींत, मगरींत आणि बहुतेक कासवांत तेच आढळले. ऑस्ट्रेलियातील दाढीवाल्या सरड्याची रीत तर दुपेडी आहे. त्याला पक्ष्यांसारखी झेड-डब्ल्यू सूत्रे आहेत, परंतु अंडी फार तापली तर झेड-झेड पिल्लेही, सूत्रांना न जुमानता, माद्या होतात, आणि त्या अंडीही घालतात.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळास हे गाव आहे, जेथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. गावकरी ती अंडी कोल्हे-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी कुंपणातल्या जागेत, तशाच मापाचा खड्डा खणून पुरतात, आणि दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात. ह्या अंड्यांत नर-मादीचे वेगळे सूत्र मुळीच नसते. उबवणीच्या मधल्या काळात वाळू थंड राहिली तर नर अधिक, तापली तर माद्या अधिक. खड्डा किती खोल, सावली किती, फेब्रुवारीतले घरटे की एप्रिलमधले, ह्या गोष्टी येथे क्ष आणि यचे काम करतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी सकाळी टोपली उचलली, की वाळूचा थर हलतो आणि तळहाताहून लहान, काळीकरडी पिल्ले एकमेकांवरून धडपडत बाहेर येतात. त्यांतले नर कोणते आणि मादी कोणती हे बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. भरतीच्या रेषेपर्यंत ती चालत जातात आणि दिसेनाशी होतात. नर पुढे आयुष्यात जमिनीवर सहसा येत नाही. दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या रात्री त्यांतले एक वाळूवर चढून मागच्या पायांनी खड्डा खणू लागले, म्हणजे ती मादी होती एवढे कळते.